रास्त भाव

बाजारात जाणारा मनुष्य आपल्याबरोबर दोन गोष्टी घेऊन जातो. एक खिशातले पैसे आणि दुसरा मनातला भाव. पैसे किती आहेत हे त्याला मोजून पाहावे लागते. भाव मात्र मोजावा लागत नाही. मागील महिन्यात ती वस्तू कितीला मिळाली, गेल्या सणाला कितीला आणली, शेजाऱ्याने तिला काय दिले, या सर्वांची मिळून एक किंमत त्याच्या मनात न कळत ठरून गेलेली असते. दुकानदाराने सांगितलेला आकडा या मनातल्या आकड्याशी जुळला, तर गिऱ्हाईक पिशवी पुढे करते आणि व्यवहार पुरा होतो. तो जुळला नाही, तर मात्र गिऱ्हाईक थबकते. किंमत अनपेक्षितपणे उतरलेली असेल तर मालात काही खोट तर नाही ना, अशी शंका मनात डोकावते. ती अनपेक्षितपणे चढलेली असेल तर पहिला प्रश्न ‘परवडेल काय’ हा नसतो. ‘हे योग्य आहे काय’ हा असतो. हिशेब मागाहून होतो, आधी मन दुखावते. मराठी भाषेने किंमत आणि अंतःकरणातील भावना या दोहोंसाठी ‘भाव’ हा एकच शब्द ठेवला आहे. हा योगायोग असेल. पण बाजाराचा इतिहास पाहू लागले म्हणजे तो मोठा अर्थपूर्ण योगायोग वाटू लागतो.

या दुखावलेल्या मनाने एकदा एका बलाढ्य राज्याला तीन आठवडे हादरवून सोडले होते. ही गोष्ट फ्रान्समधली, इ. स. १७७५ च्या वसंत ऋतूतली. इतिहासात ती ‘पिठाचे युद्ध’ या नावाने ओळखली जाते. या युद्धात दोन सैन्ये नव्हती आणि कोणताही प्रदेश जिंकावयाचा नव्हता. लढा होता तो पावाच्या किमतीचा.

त्या काळच्या फ्रेंच गरिबाच्या संसारात पावाचे स्थान काय होते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे कष्टकरी माणसाच्या ताटात जी जागा भाकरीची, तीच तेथे पावाची. किंबहुना तिच्याहूनही मोठी, कारण पावाबरोबर तोंडी लावावयास फारसे काही नसेच. पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोन किलोचा, पाव हा नेहमीच्या खरेदीचा नग होता. तो कष्टकरी कुटुंबाला जेमतेम दिवसभर पुरे. एरवी त्याची किंमत आठ ते नऊ सू असे. वीस सू म्हणजे एक लिव्र. आणि साध्या मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सूंच्या आसपास, तीही काम मिळेल त्या दिवशी. अशा घराच्या मिळकतीचा सुमारे अर्धा भाग एकट्या पावावर जाई. पावाचा भाव दोन सूंनी चढला तर त्या घरात काय घडत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पॅरिसमधील आर्दी नावाचा एक पुस्तकविक्रेता त्या वर्षांत रोजनिशी लिहीत असे. राजदरबारातील घडामोडी आणि शहरातील वार्ता यांच्याबरोबरच तो पावाचा भाव किती चढला, किती उतरला, हेही नोंदवून ठेवी. त्या शहरात पावाचा भाव ही राजकीय घटनाच होती.

म्हणूनच धान्याचा व्यापार ही तेथे केवळ व्यापाऱ्यांची बाब समजली जात नसे. शेतकऱ्याने आपले धान्य उघड्या पेठेत आणून विकावे, आडबाजूला सौदे करू नयेत, असा दंडक होता. पेठ उघडली म्हणजे पहिले काही तास सामान्य नागरिकांनी आपल्या घरापुरते धान्य घ्यावयाचे, आणि त्यानंतरच भट्टीवाले व व्यापारी यांना आत येऊ द्यावयाचे, अशी रीत अनेक ठिकाणी होती. मापाऱ्यावर देखरेख असे आणि साठेबाजीवर शिक्षा असे. नियम नेहमीच पाळले जात होते असे नाही. परंतु ते आहेत आणि वेळप्रसंगी राजा ते पाळावयास लावील, असा लोकांचा विश्वास होता. संकटकाळी आपल्याला पाव मिळवून देणे हे राजाचे कर्तव्यच आहे, असे फ्रेंच प्रजा मानी. ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित वाटू नये. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाला जी कामे नेमून दिलेली असत, त्यांत बाजारातील वस्तूंचे भाव ठरविणे हेही एक काम होते. आणि अशा ठरवून दिलेल्या दराला ‘निरख’ असा स्वतंत्र शब्दच आपल्या जुन्या व्यवहारात रूढ होता. राज्य जवळचे असो की दूरचे, भावावर कोणाची तरी नजर आहे ही खात्री प्रजेला हवी असते.

ही जुनी घडी मोडावयास निघालेला मनुष्य स्वार्थी नव्हता आणि निष्काळजीही नव्हता. आन रोबेर झाक त्यूर्गो हा त्या शतकातील अत्यंत विद्वान आणि स्वच्छ प्रशासकांपैकी एक. १७६१ पासून तेरा वर्षे त्याने लिमोझ या दरिद्री प्रांताचा कारभार पाहिला होता. तेथे १७७० च्या सुमारास अन्नाची भीषण टंचाई पडली, तेव्हा त्याने गरिबांसाठी रोजगाराची कामे काढली होती. दुष्काळ त्याने कागदावर नव्हे, प्रत्यक्ष पाहिला होता. १७७४ च्या मे महिन्यात सोळावा लुई गादीवर आला आणि ऑगस्टमध्ये त्याने त्यूर्गोच्या हाती राज्याचा खजिना सोपविला. अवघ्या तीन आठवड्यांत, १३ सप्टेंबर १७७४ रोजी, धान्याचा अंतर्गत व्यापार खुला करणारा हुकूम निघाला. धान्य पेठेतच विकले पाहिजे हे बंधन गेले. कोणीही, कोठेही, कोणालाही धान्य विकावे. सरकार मध्ये पडणार नाही. पॅरिस शहरापुरते काही जुने नियम तूर्त शिल्लक राहिले, एवढेच.

त्यूर्गोचा युक्तिवाद सरळ होता. एका प्रांतात धान्य मुबलक असते, तर दुसऱ्यात दुर्भिक्ष असते. व्यापाऱ्याला मोकळीक दिली तर तो स्वस्ताईकडून महागाईकडे धान्य वाहून नेईल, आणि भाव सर्वत्र सारखे व स्थिर होतील. बंधने घातली तर व्यापारी भितो, धान्य जागच्या जागी राहते आणि टंचाई अधिकच वाढते. हा विचार चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पुढे १७७६ मध्ये ॲडम स्मिथने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात याच मताचा पुरस्कार केला. साठेबाजांविषयीच्या लोकांच्या भीतीची तुलना त्याने चेटुकाच्या भीतीशी केली होती. त्यूर्गोने आपल्या हुकुमाला लांबलचक प्रस्तावना जोडून त्यात आपली कारणे विस्ताराने मांडली. आज्ञा देऊन न थांबता प्रजेला कारणे सांगणारा मंत्री हा त्या काळी दुर्मीळच होता.

परंतु १७७४ चे पीक वाईट आले. हिवाळ्यात कोठारे रिकामी होऊ लागली आणि वसंतात, म्हणजे जुने धान्य संपत आलेले व नवे हाती यावयाचे अशा आणीबाणीच्या दिवसांत, भाव चढू लागले. हे काही अंशी अटळ होते. पीक कमी आले म्हणजे धान्य महागणारच. पण लोकांना दिसले ते निराळेच. पूर्वी पेठेत येणाऱ्या गाड्या आता येत नव्हत्या. धान्य शेतकऱ्याच्या कोठारातून थेट व्यापाऱ्याकडे जात होते. डोळ्यांदेखत भरलेली पोती गावाबाहेर चालली होती आणि गावातल्या पेठेत मात्र भाव दर आठवड्याला नवा होता. पूर्वीच्या टंचाईत तक्रार कोणाकडे करावयाची हे ठाऊक होते. आता तक्रार ऐकणाऱ्यानेच आपण मध्ये पडणार नाही असे जाहीर केले होते. एप्रिलमध्ये दिझाँ शहरात दंगल झाली. पावाची किंमत पॅरिसमध्ये अकरा सूंवर आणि पुढे साडेतेरा सूंवर गेली.

२७ एप्रिल १७७५ रोजी पॅरिसच्या उत्तरेस वाझ नदीकाठच्या बोमाँ या गावच्या बाजारात ठिणगी पडली. धान्याचा भाव ऐकून लोक खवळले. त्यांनी धान्य ताब्यात घेतले आणि स्वतः ठरविलेल्या भावाने वाटून घेतले. दोन दिवसांनी तोच प्रकार पाँत्वाझ येथे झाला. नदीच्या काठाने, रस्त्यांच्या कडेने, बाजाराच्या गावांमागून बाजाराची गावे पेटत गेली. २ मे रोजी लोकांचा जमाव खुद्द व्हर्सायला, राजाच्या दाराशी येऊन थडकला. तेथील अधिकारी प्रिन्स द प्वा याने प्रसंग ओळखून पाव दोन सू पौंड या दराने मिळेल असे सांगून टाकले; ही सवलत सरकारने तत्काळ रद्द केली. दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, पॅरिसचा बाजारदिवस होता. त्या दिवशी चार पौंडांचा पाव चौदा सूंना विकला जाऊ लागला. धान्याच्या बाजाराभोवती शिपायांचा पहारा होता, म्हणून लोक गल्लोगल्लीच्या पाववाल्यांकडे वळले. सकाळपासून दुपारपर्यंत शहरातील शेकडो दुकाने त्यांनी उघडावयास लावली. पॅरिसच्या आसपासच्या प्रदेशात तीन आठवड्यांत असे तीनशेहून अधिक प्रसंग घडले. त्यांत स्त्रियांचा भाग फार मोठा होता. आणि ते स्वाभाविकच होते, कारण घरात पाव आणण्याचे आणि तो पुरविण्याचे काम त्यांचेच होते.

आता या दंगलीतील जी गोष्ट इतिहासकारांना सर्वांत विलक्षण वाटली, तिच्याकडे वळले पाहिजे. हे लोक उपाशी होते, संतापलेले होते आणि संख्येने इतके मोठे होते की त्यांना अडविणारे कोणी नव्हते. धान्य आणि पाव फुकट घेऊन जाणे त्यांना सहज शक्य होते. काहींनी तसे केलेही. पण ठिकठिकाणी जमावाने धान्याची किंमत मोजली. ज्यांच्याजवळ पैसे कमी होते त्यांच्यापैकी काहींनी उरलेल्या रकमेचे वचन दिले. लोकांनी मापे भरली, भाव पुकारला, पैसे दिले आणि पोती उचलली. ही लूट नव्हती. लोकांनी स्वतः भरविलेला तो बाजार होता. फक्त भाव व्यापाऱ्याचा नव्हता, त्यांचा होता.

आणि हा भाव त्यांनी कोठून आणला? पावाला दोन सू पौंड, हा आकडा एका गावाहून दुसऱ्या गावी सारखाच ऐकू येत होता. दोन सू पौंड म्हणजे चार पौंडांच्या पावाला आठ सू. म्हणजेच एरवीचा, ओळखीचा, वर्षानुवर्षे सवयीचा भाव. जमावाने नवी किंमत शोधून काढली नव्हती; त्याने फक्त जुनी किंमत आठवली होती. धान्याच्या बाबतीत ही आठवण थोडी गोडच झाली होती, हे खरे. अनेक बाजारांत गव्हाला सेतिए या मापामागे बारा लिव्र भाव लोकांनी लावला; हा भाव साध्या वर्षाच्या मानानेही स्वस्त होता. माणसाची आठवण अशीच असते. चांगल्या वर्षाचा भाव तिच्यात ठसतो आणि वाईट वर्षाचा भाव अपवाद म्हणून बाजूला पडतो. पण तो भाव मनमानी नव्हता. अमुक इतकी किंमत रास्त आहे, तीहून अधिक मागणारा आपला हक्क हिरावून घेतो आहे, अशी हजारो अनोळखी माणसांच्या मनांत एकच खूणगाठ होती.

ही वृत्ती केवळ फ्रेंचांचीच होती असेही नाही. नऊ वर्षांपूर्वी, १७६६ मध्ये, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील हॉनिटन येथे लेस विणणाऱ्या कामगारांनी शेतकऱ्यांच्या आवारातून धान्य उचलले, ते बाजारात नेऊन स्वतः विकले, आणि आलेले पैसे शेतकऱ्यांना परत नेऊन दिले. एवढेच नव्हे, तर धान्याची रिकामी पोतीसुद्धा परत केली. ही रिकामी पोती त्या कामगारांविषयी जेवढे सांगतात तेवढे मोठमोठे ग्रंथ सांगू शकत नाहीत. चोराला पोते परत करावयाचे सुचत नाही. ज्याला आपण न्यायाचे काम करीत आहोत असे वाटते, त्यालाच ते सुचते. ई. पी. टॉम्सन या इंग्रज इतिहासकाराने १९७१ मध्ये अशा प्रसंगांवर लिहिताना, या जमावांच्या मागे पोटाच्या भुकेइतकीच एक नीतिकल्पना उभी होती, असे दाखवून दिले. धान्य पिकविणे, दळणे, भाजणे आणि विकणे या प्रत्येक पायरीवर काय चालते आणि काय चालत नाही, याचे एक अलिखित शास्त्र सामान्य लोकांजवळ होते. भाव चढल्याने नव्हे, तर हे शास्त्र मोडल्याने ते उठत.

सरकारला मात्र हे दिसले नाही. एवढे लोक इतक्या ठिकाणी एकच भाव मागतात, त्या अर्थी यामागे कोणाचे तरी कारस्थान असले पाहिजे, असे मंत्र्यांना वाटले. दरबारातल्या शत्रूंची नावे कुजबुजली गेली. पुढे जॉर्ज रूदे आणि इतर अभ्यासकांनी पोलिसांची दप्तरे तपासली तेव्हा पकडलेले लोक मजूर, विणकर, छोटे कारागीर आणि त्यांच्या बायका असेच निघाले. कारस्थानाचा पुरावा काही मिळाला नाही. त्यांना एकत्र आणणारा सूत्रधार कोणी नव्हता. एकच जुना भाव सर्वांच्या स्मरणात होता आणि तेवढे पुरेसे होते.

त्यूर्गोने कठोरपणे वागावयाचे ठरविले. पॅरिसच्या पोलीसप्रमुखाला त्याने दूर केले. सुमारे पंचवीस हजार सैनिक रस्त्यांवर, नदीकाठी आणि बाजारांत उभे राहिले. शेकडो लोक पकडले गेले. ११ मे १७७५ रोजी पॅरिसच्या प्लास द ग्रेव्ह या चौकात दोघांना फाशी देण्यात आले. एक केसांचे टोप बनविणारा कारागीर होता, दुसरा तलम जाळीदार कापड विणणारा. हजारो लोकांनी जे केले त्याची जबर किंमत दोघांनी दिली. त्याच सुमारास सरकारने असेही जाहीर केले, की ज्यांनी धान्य परत केले अथवा त्याचा खरा भाव भरून दिला त्यांना माफी मिळेल. ‘खरा भाव’ कोणता, हाच तर सारा वाद होता. सरकारच्या लेखी तो बाजाराने ठरविलेला, लोकांच्या लेखी स्मरणात असलेला. फाशीच्या दोराने या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

शांतता झाली. त्यूर्गो मात्र फार काळ टिकला नाही. १२ मे १७७६ रोजी, त्या फाशीनंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटल्यावर, राजाने त्याला पदच्युत केले. त्याच्या पतनाला इतरही कारणे होती, पण पिठाच्या युद्धाने त्याची लोकप्रियता कायमची खचविली होती. पुढे चौदा वर्षांनी, ऑक्टोबर १७८९ मध्ये, पॅरिसच्या बाजारातील बायका पुन्हा व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या. त्या वाटेवर लोक राजाला ‘पाववाला’ म्हणत होते. त्या थट्टेत पिढ्यानुपिढ्यांची एक अपेक्षा होती, आणि ती अपेक्षा मोडल्याचा रागही होता.

त्यूर्गोची चूक नेमकी कोठे झाली? त्याचे अर्थशास्त्र कच्चे नव्हते. त्याने कारणे सांगितली नाहीत असेही म्हणता येत नाही. पण त्याने सांगितली ती तत्त्वाची कारणे होती. पाववाल्याच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला हवे होते ते त्या दिवशीच्या वाढीव सूंचे कारण. ते पैसे कोणाकडे जातात? शेतकऱ्याचे पीक बुडाले म्हणून भाव चढला, की कोणी धान्य दडवून ठेवले म्हणून? या प्रश्नाला हुकुमाच्या प्रस्तावनेत उत्तर नव्हते. गालिआनी नावाच्या एका इटालियन विद्वानाने १७७० मध्येच, धान्याच्या व्यापारातील बदल एकाएकी करू नयेत, काळवेळ पाहून करावेत, असा इशारा दिला होता. व्यापार कालांतराने समतोल साधतो हे खरे. परंतु भूक कालांतराची वाट पाहत नाही. वाईट पिकाच्या वर्षी जुने छत्र काढून घेतले गेले, आणि लोकांनी पावसाचा दोष छत्र काढणाऱ्याला दिला.

दोन शतकांनंतर मानसशास्त्राने हीच गोष्ट निराळ्या वाटेने गाठली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॅनडातील लोकांना दूरध्वनीवरून काही साधे प्रश्न विचारले होते. एक प्रश्न असा होता : बर्फ उपसण्याचे फावडे एक दुकानदार पंधरा डॉलरना विकत आहे. रात्री मोठे हिमवादळ झाले आणि सकाळी त्याने त्याची किंमत वीस डॉलर केली. हे योग्य की अयोग्य? शंभरातील ब्याऐंशी लोकांनी ते अयोग्य ठरविले. पण दुसऱ्या प्रश्नात, वाहतुकीच्या घोटाळ्यामुळे सॅलडच्या पानांची घाऊक किंमत वाढली आणि दुकानदाराला प्रत्येक गड्ड्यामागे तीस सेंट जास्त मोजावे लागले. म्हणून त्यानेही आपला भाव तीस सेंटनीच वाढविला, असे सांगितले गेले. तेव्हा शंभरातील एकोणऐंशी लोकांनी हे योग्य आहे असे म्हटले. भाव दोन्हीकडे चढलाच होता. फरक होता तो कारणाचा. दुकानदार स्वतःचे नुकसान टाळतो तेव्हा गिऱ्हाईक समजून घेते; तो गिऱ्हाइकाच्या अडचणीचा फायदा घेतो तेव्हा गिऱ्हाईक क्षमा करीत नाही. हॉनिटनच्या विणकरांनी आणि बोमाँच्या बायकांनी हेच उत्तर दिले असते.

भारतात या प्रश्नाला शासकीय भाषेतच जागा मिळाली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. आणि पुढे देशभर जी सार्वजनिक वितरणाची व्यवस्था वाढली, तिच्या दुकानांवर महाराष्ट्रात ‘रास्त भाव दुकान’ अशी पाटी दिसते. ‘स्वस्त’ आणि ‘रास्त’ या दोन शब्दांत अंतर आहे. स्वस्त हा खिशाचा शब्द आहे, रास्त हा न्यायाचा. १९७२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत दुष्काळ आणि महागाई यांनी संसार मेटाकुटीला आले, तेव्हा मुंबईतील स्त्रिया मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. पक्षोपक्षांच्या सीमा ओलांडून एकत्र आलेल्या या बायकांच्या हातात स्वयंपाकघरातलेच साधन होते. त्या फुकट काही मागत नव्हत्या. घरात लागणारे धान्य, तेल, साखर आणि रॉकेल योग्य भावाने मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. पॅरिसच्या बायकांचे नाव त्यांच्यापैकी अनेकींनी कधी ऐकलेही नसेल. मागणे मात्र तेच होते. पुढे १९९८ साली कांद्याच्या भावाने दिल्लीतील निवडणुकीचा रंग बदलला, हेही अनेकांच्या स्मरणात आहे. कांद्यावर होणारा खर्च घरखर्चाच्या मानाने लहानच. पण रोजच्या ओळखीच्या वस्तूने एकाएकी अनोळखी भाव सांगितला, हे लोकांच्या जिव्हारी लागले.

आता बांधीव मालाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. हीदेखील एक प्रकारची निरखच आहे. गिऱ्हाइकाला दुकानात शिरण्यापूर्वीच एक खात्री देणारी. याउलट जोराचा पाऊस आला म्हणजे मोबाईलवरून मागविलेल्या मोटारीचे भाडे क्षणात वाढते. मागणी वाढली की किंमत वाढते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच सांगितलेले आहे, आणि त्या भाड्यामुळे अधिक गाड्या रस्त्यावर येतात हेही खरे असू शकेल. तरीही आडोशाला उभा असलेला, भिजलेला प्रवासी तो आकडा पाहतो तेव्हा त्याच्या मनात अर्थशास्त्र नसते. हिमवादळानंतरचे फावडे त्याला दिसते.

राज्य चालविणाऱ्यांनी आणि दुकान चालविणाऱ्यांनी किंमत कधी वाढवूच नये, असा या इतिहासाचा अर्थ नव्हे. पिके बुडतात, युद्धे होतात, माल महागतो. भाव चढणे कोणालाही सर्वकाळ टाळता आलेले नाही. परंतु प्रत्येक जुना भाव हे एक न लिहिलेले वचन असते. ते बदलावयाचे असेल तर आधी सांगावे लागते, कारण द्यावे लागते, आणि वाढलेला पैसा कोणाच्या पदरात पडतो आहे हे उघड करावे लागते. सर्वांत गरीब माणसाला त्या बदलातून सावरावयास वेळ आणि आधार द्यावा लागतो. त्यूर्गोसारख्या थोर प्रशासकाजवळ बुद्धी होती, सचोटी होती आणि पंचवीस हजार सैनिकही होते. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या बाईजवळ केवळ एक आठवण होती, की या पावाला आठ सू पडतात. तिची आठवण हा हिशेबातला दोष नव्हता. राज्य आणि प्रजा यांच्यामध्ये वर्षानुवर्षे चालत आलेला करार तिच्यापाशी त्या एवढ्याशा आकड्याच्या रूपाने जपलेला होता. आणि करार मोडणाऱ्याकडे ती त्याचा जाब मागत होती.